सुपरचार्जर लावला की विमान जमिनीवरच दुप्पट ताकद देतं?

‘जुन्या विमानांच्या इंजिनाला सुपरचार्जर लावला की ताकद थेट दुप्पट, आणि इंजिनाचं आयुष्य मात्र काही तासांचं,’ असा मजकूर बरीच वर्षं फिरतो आहे. पटण्यासारखा वाटतो, पण सुरुवातीचे सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारे पंप, वेगळ्याच कामाचे होते.

उंचीवर हवा विरळ होते. सुमारे 5500 मीटरवर दाब समुद्रसपाटीच्या निम्मा उरतो. लेहला नेलेलं चिप्सचं पाकीट टम्म फुगतं ते त्याचमुळे. हवा कमी, म्हणून ताकद कमी. ही गेलेली ताकद परत मिळवणं, एवढाच पहिला हेतू होता. 1918 मध्ये अमेरिकेत 350 अश्वशक्तीचं लिबर्टी इंजिन मुद्दाम पाइक्स पीक या शिखरावर, जवळपास 4300 मीटर उंचीवर नेलं. टर्बो (इंजिनाच्याच धुरावर चालणारा सुपरचार्जर) नसताना ते सुमारे 230 वर घसरलं, टर्बोसह पुन्हा 350 च्या घरात आलं. दुप्पट काही झालं नाही!

जमिनीवर अशा इंजिनाचा थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, पूर्ण उघडतच नसत. तेव्हाच्या पेट्रोलवर दाब वाढला की इंजिन ‘नॉक’ करायचं, म्हणजे आतलं इंधन आपोआप भडकायचं, आणि पिस्टन जळायचे.

आता तासांचं. दीर्घकाळ चाचणीत इंजिन ठरावीक तास जोरात पळवतात, मग खोलून बेअरिंग, व्हॉल्व्ह, पिस्टन तपासतात. ते तास म्हणजे आयुष्य नव्हे. आजही पिस्टन इंजिनांची ही चाचणी 150 तासांची असते, पण अनेक इंजिनांचं ओव्हरहॉल, म्हणजे पूर्ण खोलून केलेली दुरुस्ती, 2000 तासांच्या आसपास येतं. इंजिनाच्या माहितीपुस्तिकेत ओव्हरहॉलचा आकडा पाहा, आणि ताकदीपुढे कोणती उंची लिहिली आहे तेही.