नेट न्यूट्रॅलिटीचा वाद : नाशिक जिल्ह्याच्या संदर्भात

इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने आपल्या जाळ्यावरून जाणाऱ्या मजकुरात दुजाभाव करू नये, या तत्त्वाला नेट न्यूट्रॅलिटी म्हणतात. एखादे संकेतस्थळ अडवणे, मुद्दाम संथ करणे किंवा पैसे घेऊन पुढे काढणे या तत्त्वात बसत नाही. अमेरिकेतील कायद्याचे प्राध्यापक टिम वू यांनी २००३ मध्ये ही संज्ञा रूढ केली.

भारतात ठिणगी पडली डिसेंबर २०१४ मध्ये. एअरटेलने इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलसाठी जादा पैसे आकारण्याचे जाहीर केले आणि ओरड होताच निर्णय मागे घेतला. मार्च २०१५ मधील ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) चर्चापत्रावर तर दहा लाखांहून अधिक ईमेल गेले.

दूरसंचार परवान्यांच्या हिशेबात नाशिक मुंबईत नाही, गोव्यासह महाराष्ट्र परिमंडळात मोडते. फेब्रुवारी २०१५ मध्ये फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्समार्फत इंटरनेट डॉट ऑर्ग (पुढे फ्री बेसिक्स) ज्या सहा राज्यांत आणले, त्यांत महाराष्ट्र होता. निवडक संकेतस्थळे फुकट, बाकीसाठी डेटा पॅक. पेठ-सुरगाण्यातल्या ज्या माणसाकडे इंटरनेटच नाही त्याला थोडे तरी मिळू दे, हा समर्थकांचा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पण लासलगावच्या कांद्याचे भाव दाखवणारे एक ॲप फुकटच्या यादीत आणि पिंपळगाव बसवंतच्या एखाद्या होतकरू तरुणाचे त्याहून सरस ॲप यादीबाहेर असेल, तर शेतकरी कोणते उघडेल? यादी ठरवणाराच बाजार ठरवतो, ही विरोधकांची बाजू अधिक भक्कम होती. शिवाय जिथे रेंजच येत नाही, तिथे फुकट डेटाही कुचकामी.

८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकुरानुसार वेगवेगळे दर लावण्यास बंदी घातली. दंड दिवसाला ५०,००० रुपये, कमाल ५० लाख. फ्री बेसिक्स भारतातून गेले. त्याच सप्टेंबरात जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि फुकटच्या यादीचे आकर्षणही ओसरले. २०१८ मध्ये दुजाभावबंदी परवान्याच्या अटींतच आली.

गर्दीच्या वेळी जाळ्यावरची डेटाची वाहतूक आवरायला कंपन्यांना मुभा आहे, पण ती गरजेपुरती, तात्पुरती आणि उघड असावी लागते. सिंहस्थात गोदाघाटावर लाखो फोन एका वेळी जागे होतात तेव्हा हा अपवाद लागू पडतो. तो पर्वणीनंतरही चालू राहिला, तर तो अपवाद उरत नाही.

नियमाला एक गोष्ट मात्र साधलेली नाही. तारेवरून काय जाते यावर तो बोलतो, तार कोणाची यावर नाही. इमारतीत एकाच केबलवाल्याची वायर आली असेल, तर रहिवाशाला निवड नसते. छोट्या इंटरनेट पुरवठादारांसाठी क वर्गाचा परवाना आहे खरा, पण त्यांना बँडविड्थ (डेटा वाहून नेण्याची क्षमता) बड्या कंपन्यांकडूनच घ्यावी लागते. आता त्याच बड्या दूरसंचार कंपन्या जाळ्याच्या खर्चात व्हिडिओ आणि मेसेजिंग सेवांनी वाटा उचलावा, अशी मागणी करत आहेत. अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने नेट न्यूट्रॅलिटीचे संघीय नियम रद्द केले. भारतात परवान्यातील अटी कायम आहेत.