शालेय तंत्रज्ञान गुंतवणूक : नियोजन व समर्थन

शाळेसाठी संगणक, प्रोजेक्टर, स्पर्श-फलक, इंटरनेट जोडणी, सौर वीजसंच किंवा सॉफ्टवेअर घेण्यापूर्वी गरज, संपूर्ण कालावधीचा खर्च व अपेक्षित शैक्षणिक उपयोग यांचा लेखी मेळ घालण्याची पद्धत. मंजुरी देणाऱ्या समितीला वा दात्याला हा खर्च का करावा हे पटवणाऱ्या कारणमीमांसेस येथे ‘समर्थन’ म्हटले आहे. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेच्या व अनुदानित शाळांचा विचार केला आहे.

उगम : भारतातील शालेय संगणकीकरणाचा आरंभ सामान्यतः १९८४-८५ मधील ‘क्लास’ (शाळांतील संगणक साक्षरता व अभ्यास) या केंद्रीय प्रकल्पापासून मानतात. त्यात सुमारे २५० माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांना ब्रिटिश बनावटीचे ‘बीबीसी मायक्रो’ संगणक देण्यात आले. काही लेखक डिसेंबर २००४ मधील ‘आयसीटी @ स्कूल्स’ (आयसीटी म्हणजे माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान) या केंद्रीय योजनेपासून गणना करतात. यंत्रे शाळेत पोहोचणे हा निकष धरल्यास पहिले मत योग्य ठरते. परंतु आवर्ती (दरवर्षी पुन्हा येणाऱ्या) खर्चाची वेगळी तरतूद हा निकष धरल्यास दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते, आणि नियोजनाच्या दृष्टीने तोच निकष महत्त्वाचा आहे. महाराष्ट्रात ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाच्या (शासन निर्णय, २२ जून २०१५) सुमारास लोकवर्गणीतून ‘डिजिटल शाळा’ उभ्या राहू लागल्या. अशी पहिली शाळा म्हणून बहुधा ठाणे जिल्ह्यातील पाष्टेपाडा (ता. शहापूर) येथील शाळेचे नाव घेतात. मात्र ‘डिजिटल’ कशास म्हणावे याचीच व्याख्या सैल असल्याने अशा अग्रमानाला फारसा अर्थ नाही. एक दूरचित्रवाणी संच भिंतीवर लावूनही शाळा डिजिटल म्हणवली गेली आहे.

यंत्र बाळगण्याचा संपूर्ण कालावधीचा खर्च दर्शवणारी ‘एकूण मालकी खर्च’ ही संज्ञा गार्टनर या अमेरिकन सल्लागार संस्थेने १९८७ च्या सुमारास संगणकांसाठी रूढ केली. कल्पनाही तिचीच, असे सर्रास लिहिले जाते. तथापि यंत्राची खरेदी, देखभाल व मोडीत काढणे यांचा खर्च एकत्र धरण्याची रीत खरेदीशास्त्रात त्याआधीपासून होती, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

खर्चाची मांडणी : समग्र शिक्षा या केंद्रपुरस्कृत योजनेत आयसीटी प्रयोगशाळेसाठी ६.४० लाख रुपयांपर्यंत अनावर्ती (एकदाच मिळणाऱ्या) व पाच वर्षे दरसाल २.४० लाख रुपयांपर्यंत आवर्ती अनुदानाची तरतूद आहे. म्हणजे पाच वर्षांचा एकूण खर्च १८.४० लाख रुपये होतो व त्यात खरेदीचा वाटा जेमतेम ३५ टक्के असतो. प्रस्तावात मात्र बहुधा हा ३५ टक्केच दिसतो. शाळेला वस्तू व सेवा कराची वजावट मिळत नसल्याने संगणकावरील १८ टक्के कर किमतीतच धरावा लागतो.

समर्थनाचे सर्वांत उपयुक्त एकक ‘दर विद्यार्थी-तासिका खर्च’, म्हणजे एका विद्यार्थ्याच्या संगणकावरील एका तासिकेचा खर्च, हे होय. दहा संगणक, प्रत्येकावर दोन विद्यार्थी, रोज चार तासिका, वर्षाला २०० दिवस असे पाच वर्षे चालल्यास ८०,००० विद्यार्थी-तासिका भरतात व वरील हिशेबाने प्रत्येकी २३ रुपये पडतात. वेळापत्रकात रोज एकच तासिका असेल तर हाच आकडा ९२ रुपयांवर जातो. त्यामुळे वेळापत्रक न जोडलेला प्रस्ताव अपुरा समजावा.

विजेचे गणितही आधीच करावे लागते. मॉनिटरसह एक डेस्कटॉप सुमारे १०० वॉट धरल्यास दहा संगणकांना एक किलोवॉट लागते. सहा तास व २०० दिवसांना १,२०० युनिट होतात. ३१ ते १०० पटाच्या शाळेला समग्र शिक्षेतून मिळणारे संयुक्त शाळा अनुदान वर्षाला २५,००० रुपये आहे. वीजबिल, खडू-स्टेशनरी, किरकोळ दुरुस्ती व स्वच्छता हे सारे त्यातूनच भागवायचे असते. बिल थकून जोडणी तुटली की नवीकोरी प्रयोगशाळा कुलूपबंद होते.

परिणामकारकता : उपलब्ध पुरावा संमिश्र आहे. वडोदऱ्यातील महापालिका शाळांत संगणकावरील गणिती खेळांमुळे दुसऱ्या वर्षाअखेर गुणांत ०.४७ प्रमाण विचलनाची (प्रमाण विचलन म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप) वाढ आढळली. गुजरातमधीलच दुसऱ्या अभ्यासात संगणक नेहमीच्या तासाऐवजी वापरल्यावर गुण घटले, तर शाळेच्या वेळेबाहेर जोडीला वापरल्यावर वाढले. दिल्लीत शाळेनंतरच्या केंद्रांत मुलाच्या प्रत्यक्ष पातळीनुसार प्रश्न देणाऱ्या सॉफ्टवेअरने साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ व हिंदीत ०.२३ प्रमाण विचलनाची वाढ दाखवली. उलट पेरूमध्ये ३१९ ग्रामीण शाळांच्या अभ्यासात केवळ लॅपटॉप वाटल्याने गणित वा भाषेच्या गुणांत फरक पडला नाही. यावरून उपकरणापेक्षा ते कोणत्या तासाची जागा घेते, हा प्रश्न निर्णायक दिसतो. ‘विद्यार्थ्यांची गुणवत्ता वाढेल’ हे प्रस्तावातील ठरीव वाक्य समर्थन म्हणून पुरेसे नाही. कोणत्या इयत्तेचे कोणते कौशल्य व आधीची पातळी किती, हे नोंदवावे.

कार्यपद्धती : शिक्षण हक्क कायद्यानुसार (२००९) शाळा व्यवस्थापन समिती शाळा विकास आराखडा तयार करते. नमुना नियमांप्रमाणे तो तीन वर्षांचा असून त्याचे तीन वार्षिक भाग असतात. तंत्रज्ञानाची मागणी याच आराखड्यात यावी. ऐन मार्चमध्ये निधी आला म्हणून केलेली खरेदी सहसा फसते. खरेदीपूर्वी खोलीचा मंजूर वीजभार, अर्थिंग, छताची गळती, खिडक्यांचे गज व नेटवर्कची उपलब्धता तपासतात. न्यूट्रल व अर्थ यांच्यातील दाब दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त भरल्यास आधी अर्थिंग दुरुस्त करावे. नाहीतर पॉवर सप्लाय वारंवार जळतात व पुरवठादार हमी नाकारतो.

दरपत्रके मागवताना केवळ ‘संगणक, १० नग’ असे लिहिल्यास तुलनात्मक तक्त्यात सर्वांत स्वस्त, म्हणून बहुधा सर्वांत कमी हमीचा माल वर येतो. प्रोसेसर, रॅम व एसएसडी यांचा किमान तपशील, शाळेत येऊन दुरुस्तीची हमी, तक्रारीनंतर किती दिवसांत माणूस येईल आणि यूपीएसची बॅटरी हमीत आहे की नाही हे लिहावे. हमी संपल्यानंतरच्या वर्षांचा देखभाल-दरही त्याच वेळी मागवावा, कारण नंतर घासाघीस करायला शाळेच्या हाती काही उरत नाही. यूपीएसच्या शिसे-आम्ल बॅटऱ्या दोन-तीन वर्षांत बदलाव्या लागतात. प्रोजेक्टरचा दिवा साधारण ३,००० ते ५,००० तास चालतो, पण धुळीने जाळी तुंबली की त्याआधीच जातो. कोकणात पावसाळ्याच्या दमट हवेत व सुट्टीत यंत्रे आठवड्यातून एकदा तरी सुरू ठेवावीत. उघड्या वायरी उंदीर कुरतडतात, म्हणून केसिंग-पट्टीचा खर्च अंदाजपत्रकात हवाच.

‘बांधा, मालकी ठेवा, चालवा, हस्तांतरित करा’ या तत्त्वावरील कंत्राटांत पुरवठादार पाच वर्षे यंत्रे व प्रशिक्षक पुरवतो. मुदत संपताच यंत्रे शाळेची होतात, प्रशिक्षक मात्र जातो. सहाव्या वर्षी प्रयोगशाळा कोण चालवणार, याचे उत्तर पहिल्याच वर्षी आराखड्यात असावे.

देणगी व निर्लेखन : लोकवर्गणीतून वा कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून आलेली यंत्रेही डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) चढवावी लागतात. नोंद नसलेली वस्तू पुढे निर्लेखितही (निकामी ठरवून नोंदवहीतून कमी) करता येत नाही व बंद यंत्रे वर्षानुवर्षे खोली अडवतात. कार्यालयांतून मिळणारे जुने संगणक फुकट असले तरी विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे सर्वसाधारण तांत्रिक साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे व त्यांतील बरेच विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. त्यांवर लिनक्स ही मोफत संचालन प्रणाली चढवणार कोण, हे ठरवूनच देणगी स्वीकारावी. निर्लेखित यंत्रे भंगारवाल्याला न देता ई-कचरा नियम, २०२२ नुसार नोंदणीकृत पुनर्चक्रकाकडे द्यावीत आणि त्यापूर्वी विद्यार्थ्यांची माहिती असलेल्या हार्ड डिस्क पुसून घ्याव्यात.