विलापस्तोत्रे

विलापस्तोत्रे : बायबलच्या जुन्या करारातील ‘स्तोत्रसंहिता’ या ग्रंथात दुःख, आजार, छळ, एकटेपण आणि देवाने पाठ फिरवल्याची भावना उघड बोलून दाखवणारी जी स्तोत्रे आहेत, त्यांना हे नाव दिले जाते. एकूण १५० स्तोत्रांपैकी एक तृतीयांशाहून अधिक स्तोत्रे या प्रकारात मोडतात. ज्यू आणि ख्रिस्ती या दोन्ही परंपरांत ती प्रार्थना म्हणून म्हटली जातात. मन खचले असता शास्त्रात आशा शोधणारा ख्रिस्ती माणूस सहसा आधी आश्वासनाच्या वचनांकडे वळतो. पण खिन्न माणसासाठी परंपरेने जे जपून ठेवले आहे, त्यातले बरेचसे या गाऱ्हाण्यांतच सापडते.

स्तोत्रांचे प्रकार पाडून त्यांचा पद्धतशीर अभ्यास करण्याचे श्रेय जर्मन विद्वान हेर्मान गुंकेल (१८६२–१९३२) यांना जाते. विलापस्तोत्राचा साचा साधारण ठरलेला असतो : देवाला हाक, मग गाऱ्हाणे, मग मागणे, मग विश्वासाची कबुली आणि शेवटी स्तुतीचा नवस. तेरावे स्तोत्र हा त्याचा आटोपशीर नमुना. पहिल्या दोनच ओव्यांत ‘किती वेळ?’ हा प्रश्न चार वेळा येतो आणि शेवटच्या ओवीत तोच माणूस देवाचे गुण गाईन म्हणतो. मधल्या काळात काय घडले, हे स्तोत्र सांगत नाही. मंदिरातील याजक त्या ठिकाणी देवाच्या वतीने दिलाशाचे शब्द उच्चारत असावा, असे अनुमान योआखिम बेग्रिख यांनी १९३४ मध्ये मांडले. ते सर्वांनी मानले नाही. तरी एकट्याने म्हटलेल्या वाटणाऱ्या या ओळींमागे दुसरा कोणीतरी उभा असावा, ही कल्पना पटण्यासारखी आहे.

अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र या साच्यात बसत नाही. कोरहाच्या वंशजांचे, म्हणजे मंदिरातील गायकांच्या एका घराण्याचे, म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आणि शीर्षकात हेमान एज्राही याचे नाव असलेल्या या स्तोत्रात अठरा ओव्या आहेत. पहिल्या ओवीत देवाला ‘माझ्या उद्धारका’ अशी हाक आहे. त्यानंतर उजेडाचा कवडसाही नाही. बोलणारा स्वतःला मेलेल्यांत जमा धरतो. ओळखीच्या माणसांना आपली किळस येते, असे म्हणतो आणि त्याचा दोषही देवालाच देतो : तूच त्यांना दूर केलेस. मग तो वाद घालतो. मेलेल्यांना तू चमत्कार दाखवणार आहेस का? कबरेत तुझी दया कोण सांगणार? उत्तर येत नाही आणि स्तोत्र अंधारापाशीच थांबते. स्तुतीचा नवस नाही, विश्वासाची कबुली नाही. तरीही सकाळी पुन्हा तुझ्यापुढे प्रार्थना येईल, असे तेराव्या ओवीत म्हटले आहे. एवढा एक धागा तुटत नाही. आशा म्हणजे बरे वाटणे, अशी व्याख्या केली तर या स्तोत्रात आशा नाही. ज्याच्यावर रोष आहे त्याच्याशीच बोलत राहणे ही आशा मानली, तर संपूर्ण संहितेत इतकी चिवट आशा क्वचितच दुसरीकडे असेल.

संपादकांना हे स्तोत्र वगळता आले असते. ते राहिले, इतकेच नव्हे तर नित्य उपासनेत आले. कॅथलिक चर्चच्या प्रहर-प्रार्थनेत शुक्रवारी रात्री झोपण्यापूर्वी ते म्हटले जाते. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात ते उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडे) सायंप्रार्थनेला लावलेले आहे. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये प्रातःप्रार्थनेच्या आरंभी म्हटल्या जाणाऱ्या सहा स्तोत्रांत त्याचा समावेश आहे. ती वाचताना दिवे मालवण्याची प्रथा आहे. (ग्रीक आणि लॅटिन बायबलमध्ये क्रमांक एकाने मागे असल्याने तिथे हे सत्त्याऐंशीवे ठरते.) याचा व्यावहारिक अर्थ मोठा आहे. म्हणणारा त्या दिवशी सुखात असो वा नसो, स्तोत्र म्हटले जाते. सुखी माणूस ते दुसऱ्या कुणासाठी तरी म्हणत असतो. ज्याला अंथरुणातून उठवत नाही, त्याची प्रार्थना मंडळी करते.

बेचाळिसावे आणि त्रेचाळिसावे स्तोत्र मुळात एकच असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्रेचाळिसाव्याला स्वतंत्र शीर्षक नाही आणि दोन्हींत मिळून एकच पालुपद तीनदा येते : माझ्या जिवा, तू का खिन्न झालास? देवाची आशा धर. पहिल्यांदा हे म्हटल्यावर लगेच पुढच्या ओवीत जीव पुन्हा खिन्नच आहे. म्हणून मग दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. इजिप्तच्या वाळवंटात राहिलेला संन्यासी इव्हाग्रियस (सु. ३४५–३९९) याने या पालुपदाचा उपयोग करून दाखवला. संन्याशाला भरदुपारी गाठणारी मरगळ, म्हणजे सूर्य हलत नाहीसा वाटणे, खोली नकोशी होणे, खिडकीतून सारखे बाहेर पाहणे, याचे त्याने केलेले वर्णन आजही ओळखीचे वाटते. उपाय म्हणून तो सांगतो : रडत रडत आपल्या जिवाचे दोन भाग करावेत, एकाने धीर द्यावा, दुसऱ्याने घ्यावा, आणि हे पालुपद म्हणावे. खिन्नतेच्या आणि मरगळीच्या प्रत्येक विचाराला कोणते शास्त्रवचन उलट ऐकवावे, याचा एक संग्रहही त्याने केला होता. त्याच्या थोडे आधी अलेक्झांड्रियाचा अथनासियस याने मार्सेलिनस याला लिहिलेल्या पत्रात स्तोत्रे म्हणजे माणसाला स्वतःचे मन दाखवणारा आरसा, असे म्हटले आहे आणि कोणत्या प्रसंगी कोणते स्तोत्र म्हणावे, हेही सांगितले आहे.

विलाप स्तोत्रसंहितेपुरता मर्यादित नाही. ईयोब आणि यिर्मया दोघेही आपल्या जन्मदिवसाला शाप देतात. प्रेषित पौल करिंथकरांना लिहिताना जगण्याचीही आशा सुटली होती, असे सांगतो. येशू वधस्तंभावर बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ उच्चारतो : माझ्या देवा, तू मला का सोडलेस? पण नैराश्याच्या संदर्भात सर्वांत बारकाईने वाचावी अशी कथा एलीयाची आहे (१ राजे, अध्याय १९). कर्मेल डोंगरावर विजय मिळवलेला हा संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीने जीव घेऊन पळतो. चाकराला बैर-शेबा येथे सोडतो, एकटाच रानात दिवसभर चालतो, एका झुडपाखाली बसतो आणि मला मरण दे असे मागतो. मग झोपी जातो. देवदूत येऊन त्याला हात लावतो आणि ऊठ, खा म्हणतो. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई आहे. एलीया खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. देवदूत रागावत नाही. दुसऱ्यांदा येतो, पुन्हा जेवायला घालतो, पुढची वाट तुला झेपणारी नाही असे कबूल करतो. उपदेश नाही, जाब नाही. देवाचा प्रश्न येतो तो चाळीस दिवसांनंतर, होरेब डोंगरावर. तिथेही वारा, भूकंप आणि अग्नी यांत देव नसतो. नंतरच्या मंद वाणीत असतो. शेवटी एलीयाला काम मिळते, तू एकटा उरलेला नाहीस ही माहिती मिळते आणि अलीशा नावाचा सोबती मिळतो. झोप, अन्न, स्पर्श, काम, सोबत : या क्रमात घाईने वचन ऐकवणाऱ्यांनी शिकण्यासारखे बरेच आहे. ईयोबाचे मित्रही सात दिवस जमिनीवर त्याच्याशेजारी मुकाट बसले होते, तोवर त्यांचे बरोबर चालले होते. तोंड उघडल्यावर बिघडले.

हीच चूक चर्चमध्येही होत आली आहे. ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ हे फिलिप्पैकरांस पत्रातील वचन उदास माणसाच्या अंगावर फेकले की त्याला दोन दुःखे होतात : एक मूळचे आणि दुसरे आपला विश्वास कमी पडल्याचे. पौलाने हे पत्र कैदेतून लिहिले होते, हे अशा वेळी सांगितले जात नाही. मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) याला स्वतःला अशा झटक्यांचा अनुभव होता. १५३० मध्ये येरोम वेलर या खिन्न तरुणाला लिहिलेल्या पत्रात तो एकांत टाळ, लोकांत बस, थट्टामस्करी कर, थोडी जास्त पी असे सांगतो. धर्मसुधारकाच्या पत्रात हे वाचून आजच्या वाचकाला गंमत वाटते. दारूचा सल्ला मात्र आज कोणताही डॉक्टर देणार नाही.

श्रद्धा आणि नैराश्य यांचे नाते इंग्लिश कवी विल्यम कूपर (१७३१–१८००) याच्या आयुष्यात जितके स्पष्ट दिसते, तितके कोणत्याही प्रवचनात दिसत नाही. १७६३ मध्ये त्याने आत्महत्येचा प्रयत्न केला. सेंट ऑल्बन्स येथे डॉ. नॅथनियल कॉटन यांच्या मनोरुग्णालयात असताना रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातील पंचविसावी ओवी वाचून त्याला क्षमेची खात्री पटली. पुढे ऑल्नी या गावी जॉन न्यूटन या धर्मगुरूबरोबर त्याने गीते रचली. १७७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या दोघांच्या संग्रहातली गीते आजही जगभर गायली जातात. पण संग्रह निघण्याआधीच, १७७३ मध्ये, तो पुन्हा खचला होता. देवाने आपल्याला टाकले आहे, अशी त्याची खात्री झाली आणि ती शेवटपर्यंत गेली नाही. तो चर्चलाही जाईनासा झाला. त्या काळात त्याला सावरले ते मित्रांच्या घराने, बागकामाने आणि मन लावून पाळलेल्या तीन रानसशांनी. त्यांची नावे पस, टायनी आणि बेस. विश्वास खरा असला की आजार जातोच, असे म्हणणाऱ्यांपुढे कूपरचे चरित्र ठेवावे. दुसरीकडे, त्याच्या गीतांनी ज्यांना तारले त्यांची संख्या कोणी मोजलेली नाही.

मराठी वाचकाला देवाशी भांडणारी प्रार्थना परकी नाही. नामदेव-तुकारामांचे करुणापर अभंग आणि रामदासांची करुणाष्टके याच जातीची आहेत. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) म्हणत, आणि त्यांच्या ख्रिस्ती अभंगांत तो आर्त सूर उतरला. पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) आयुष्याची अखेरची वर्षे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्यात घालवली. दुष्काळात आईवडील आणि बहीण, नंतर भाऊ, लग्नानंतर दोनच वर्षांच्या आत पती आणि १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गमावलेल्या बाईच्या हातून हे काम झाले. संपूर्ण बायबल त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमधून बाहेर पडले. तिथल्या छापखान्यात मिशनमधल्या स्त्रियाच काम करीत.

आज नैराश्य हा उपचार होऊ शकणारा आजार मानला जातो आणि मुख्य प्रवाहातील चर्चही तसेच मानतात. कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात गंभीर मानसिक त्रासामुळे आत्महत्या करणाऱ्याची जबाबदारी कमी होऊ शकते आणि अशा व्यक्तीसाठी चर्च प्रार्थना करते, असे म्हटले आहे. धर्माचा आधार कोणत्या प्रकारे घेतला जातो, यावरही बरेच अवलंबून असते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट यांनी आधार देणारी आणि त्रास वाढवणारी धार्मिकता यांत फरक केला : ‘देव माझ्यासोबत आहे’ आणि ‘देव मला शिक्षा करतो आहे’ या दोन समजुतींचे परिणाम उलट दिशांनी जातात. २०१५ मध्ये हॅरॉल्ड कोनिग आणि सहकाऱ्यांनी दीर्घकालीन शारीरिक आजार असलेल्या १३२ नैराश्यग्रस्तांवर केलेल्या चाचणीत रुग्णाच्या धर्मश्रद्धेचा वापर करणारी बोधात्मक वर्तन उपचारपद्धती (विचार आणि वागणूक यांत बदल घडवणारी ‘सीबीटी’) तिच्या नेहमीच्या पद्धतीइतकीच परिणामकारक ठरली. सरस नाही, कमीही नाही. म्हणजे स्तोत्र म्हणणाऱ्याने गोळी सोडायची गरज नाही आणि गोळी घेणाऱ्याने स्तोत्र सोडायचीही नाही. भारतात मरणाचे विचार येत असतील तर टेली-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी, मराठीतूनही, बोलता येते.