जाहिरात आणि माहिती: गिऱ्हाईक नेमकं काय वाचतं?

आमच्या ओळखीतले एक काका लाकडी घाण्याचं तेल विकतात. दुकानाच्या नावाने दर आठवड्याला काहीतरी लिहायचं आणि गिऱ्हाइकांना पाठवायचं, असं त्यांनी मनावर घेतलं. दीड महिन्याने म्हणाले, "लिहितोय नेमाने, पण कुणी वाचतच नाही." मी सगळा मजकूर मागवून घेतला. पहिल्याची सुरुवात होती: "१०० टक्के शुद्ध, पारंपरिक, आरोग्यदायी तेल. आजच मागवा." दुसऱ्यात तेच, फक्त शब्दांची अदलाबदल. तिसऱ्यात दसऱ्याच्या शुभेच्छा आणि खाली दरपत्रक. काकांच्या लेखी हे सगळं माहितीपर लिखाण होतं. प्रत्यक्षात त्यांनी एकच जाहिरात सहा वेळा पाठवली होती.

ही गल्लत पुष्कळांची होते, आणि होणं साहजिक आहे. दोन्ही मजकूर दुकानच पाठवतं, दोन्हींच्या मागे माल खपावा हीच इच्छा असते आणि दोन्ही एकाच फोनवर येऊन पडतात. ओळखायचे कसे? मी एक साधी कसोटी लावते. ज्याला आपला माल कधीच घ्यायचा नाही, त्याच्या हाती हा मजकूर वाचून काही लागलं का? लागलं असेल तर ती माहिती. नसेल तर ती जाहिरात, मग ती दोन ओळींची असो की दोन पानांची. सणाच्या शुभेच्छा आणि "आमच्या दुकानाला ५ वर्षं पूर्ण" हे दोन्हींत बसत नाही. तो घरोबा झाला. अधूनमधून ठीक आहे, रोज नको.

मग एका शनिवारी सकाळी मी काकांच्या गल्ल्याशेजारी वही घेऊन बसले. दोन तासांत जे प्रश्न कानावर आले, ते असे: तेलाला इतका वास का येतो? बाटलीच्या तळाशी गाळ का बसतो? भजी तळताना फेस का येतो? किती दिवस टिकतं? आणि सगळ्यांत जास्त वेळा, थोडं चिडून: बाजारातल्या तेलापेक्षा इतकं महाग का?

काका प्रत्येकाला फार छान उत्तर देत होते. एक लिटर तेलाला साधारण अडीच किलो शेंगदाणे लागतात. कारखान्यात दाण्यातून शेवटच्या थेंबापर्यंत तेल काढता येतं, घाण्यावर बरंचसं पेंडीत राहतं. ती पेंड जनावरांना जाते. गाळ म्हणजे दाण्याचेच बारीक कण. बाटली दोन-तीन दिवस हलवली नाही की ते खाली बसतात, वरचं तेल दुसऱ्या बाटलीत ओतून घ्यावं. रिफाइंड करताना तेलातले चिकट घटक आणि वास काढून टाकतात, इथे ते तसेच राहतात, म्हणून वास येतो आणि कढईत फेसही धरतो. उन्हात ठेवलं तर लवकर खवट होतं, तेव्हा महिन्याला पुरेल एवढंच न्यावं. हे शेवटचं वाक्य ऐकून मी वहीतून मान वर केली. ५ लिटरचा डबा मागणाऱ्या बाईंना काका २ लिटरच न्या म्हणून सांगत होते.

यातली एकही गोष्ट त्यांनी लिहिली नव्हती. मी म्हटलं, "काका, हेच लिहा." तर ते म्हणाले, "यात काय लिहायचं, हे तर मी रोजच सांगतो." माझ्या मते घोडं इथेच पेंड खातं. धंद्यातल्या माणसाला जे रोजचं वाटतं, तेच गिऱ्हाइकाला ठाऊक नसतं. अडीच किलो दाण्यांचा हिशेब एकदा कळला की दाण्याच्या भावापेक्षाही स्वस्त 'घाण्याचं तेल' दिसलं तर माणूस आपणहून चार प्रश्न विचारतो. 'शुद्ध' हा शब्द दहा वेळा लिहून हे साधत नाही.

मराठी मुलखात याचं फार जुनं आणि मोठं उदाहरण आहे. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० साली उभा राहिला. तो उभारणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर त्याआधीच बनवायला घेतले होते, पण लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात. अशा समजुतीपुढे "आमचा नांगर मजबूत" ही पाटी काय कामाची? माणसाच्या मनात जी शंका आहे तिच्याबद्दल पाटी अवाक्षर काढत नाही. पुढे १९२० साली कारखान्याच्या जाहिरातीचं काम पाहणाऱ्या शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं. सुरुवात कारखान्याचं मुखपत्र म्हणूनच झाली, पण हळूहळू त्यात वाचकाच्या जगण्यातले विषय आले, उद्योग, शिक्षण, समाजसुधारणा, कथा. १९२९ मध्ये नावातला 'खबर' गेला आणि नुसतं 'किर्लोस्कर' उरलं. १९३० मध्ये 'स्त्री' निघालं, १९३४ मध्ये 'मनोहर'. नांगर किंवा पंप घेण्याशी ज्यांचा काडीचा संबंध नव्हता, अशा घरांतही ही मासिकं वाचली गेली. शंकरराव चित्रकार होते, जाहिरात कशी करायची ते त्यांना पक्कं कळत होतं. तरीही त्यांनी मासिकाचं रूपांतर जाहिरातीत होऊ दिलं नाही, याचं मला फार मोल वाटतं.

फ्रान्समध्ये टायर बनवणाऱ्या मिशलिन बंधूंनी १९०० साली असंच केलं. त्यांनी मोटारवाल्यांसाठी एक मार्गदर्शक पुस्तिका काढली. देशात तेव्हा ३ हजारांहूनही कमी मोटारी होत्या, आणि त्यांनी तिच्या जवळपास ३५ हजार प्रती फुकट वाटल्या. पेट्रोल कुठे मिळेल, दुरुस्ती कुठे होईल, चाक कसं बदलायचं, मुक्काम कुठे करावा, असा तो ऐवज. लोक गाडी काढून लांब गेले तर टायर झिजणार, हा हिशेब मागे होताच. पण वाचणाऱ्याच्या हातात आधी रस्त्याची माहिती पडत होती.

म्हणून जाहिरात कमी दर्जाची ठरत नाही. दिवाळीच्या आधी ताजा माल आला, घरपोच मिळेल, अमुक दर, ही जाहिरातच हवी. ती छोटी, स्पष्ट आणि वेळेवर असावी. तिचा परिणाम चार दिवसांत दिसतो आणि पैसे थांबले की तीही थांबते. माहितीची चाल वेगळी. 'फेस का येतो' हे एकदा नीट लिहिलं की पुढच्या वर्षी कुणीतरी नेमकं तेच शोधत येतं. जाहिरात बाहेरच्या माणसाकडून करून घेता येते, माहिती मात्र गल्ल्यावर बसणाऱ्याच्या तोंडूनच यायला हवी. शब्द जुळवायला हवी तर कुणाची मदत घ्यावी. आणि दोन आठवड्यांत ऑर्डरी वाढल्या नाहीत म्हणून माहिती लिहिणं बंद करणं म्हणजे आंब्याची कोय पुरून महिन्याभराने उकरून बघण्यासारखं आहे.

खरा धोका दोन्हींची भेसळ करण्यात आहे. "हृदयविकार टाळायचाय? जाणून घ्या ७ गोष्टी" असा मथळा, आणि सातही गोष्टींचं उत्तर आमचं तेल! वाचणारा एकदा फसतो, दुसऱ्यांदा उघडतच नाही. कायद्यालाही हा मुखवटा मान्य नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातली जाहिरातीची व्याख्या इतकी रुंद आहे की तिच्यात प्रकाश, आवाज, धूर, छापील मजकूर, वेबसाइट, इतकंच काय, लेबल आणि बिलाचा कागदही येतो. मजकूर दिशाभूल करणारा ठरला तर उत्पादकाला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा तसंच झालं तर ५० लाखांपर्यंत. तेव्हा तेलाने अमुक रोग बरा होतो असं 'माहिती' या नावाखाली लिहू नये. दुकानाचं नाव, दर, फोन नंबर हे सगळ्यांत शेवटी, उघडपणे, एका ओळीत द्यावं. त्यात लपवण्यासारखं काहीच नाही.

काकांनी आता दोन वह्या केल्या आहेत. एकीत दर आणि सणांच्या तारखा, दुसरीत गिऱ्हाइकांचे प्रश्न, त्यांच्याच शब्दांत. त्यातलं सगळ्यांत ताजं पान एका आजींचं आहे: "या तेलात कैरीचं लोणचं वर्षभर टिकेल का रे?" काकांनी खाली लिहून ठेवलंय, "एक बरणी घालून बघतो, मग लिहितो."