दुहेरी बॅडमिंटनचे सराव-खेळ

दुहेरीतील जोडीचा मेळ बसावा म्हणून नेहमीच्या नियमांत एखादाच बदल करून, पण गुण मोजूनच खेळले जाणारे छोटे सामने. एकच फटका घोटून घेण्याच्या सरावाहून ते निराळे असतात, कारण दुहेरीत गुण पुष्कळदा फटका चुकल्याने नव्हे, तर शटल कोणी घ्यायचे हे न ठरल्याने जातो.

हल्ला करताना एक खेळाडू जाळ्यापाशी व दुसरा मागे असतो. बचावात दोघे शेजारी-शेजारी उभे राहतात. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या सात्विकसाईराज रंकीरेड्डी आणि मुंबईचा चिराग शेट्टी या जोडीत मागून स्मॅश, म्हणजे वरून खाली मारलेला जोरदार फटका, सात्विकचा आणि पुढे जाळ्यावर चिराग, ही मांडणी वारंवार दिसते. शटल उंच उचलून दिले की हल्ल्याची संधी प्रतिस्पर्ध्यांकडे जाते. म्हणून सर्वांत उपयुक्त सराव-खेळ उचल-बंदीचा मानावा लागेल : जी जोडी शटल उचलेल, तिचा गुण गेला. खेळाडूंना मग सपाट ड्राइव्ह (जमिनीला जवळजवळ समांतर जाणारे वेगवान फटके) व जाळ्यालगतचे हलके फटके यांवरच भागवावे लागते आणि रॅकेट कमरेखाली न सोडता छातीसमोर धरण्याची सवय आपोआप लागते. मात्र हाच खेळ सतत खेळल्यास बचाव कच्चा राहतो.

ती उणीव ‘दोघांविरुद्ध तिघे’ हा खेळ भरून काढतो. तिघांपैकी एक जाळ्यापाशी आणि दोघे मागच्या एकेका बाजूला असल्याने स्मॅशचा मारा थांबत नाही. बचाव करणाऱ्या जोडीने तिघांना शटल उचलायला भाग पाडले, तर गुण तिचा. दोघांच्या मधोमध आलेला स्मॅश सामान्यतः स्मॅश मारणाऱ्याच्या तिरप्या बाजूच्या खेळाडूने घ्यावा, कारण समोरच्याला कडेची रेषा राखायची असते. हा संकेत सांगून कळतो, पण अंगवळणी पडतो तो याच खेळात.

सर्व्हिसच्या खेळात पहिल्या चार फटक्यांत निकाल न लागल्यास गुण कोणालाच मिळत नाही. दुहेरीचे सर्व्हिस-क्षेत्र ३.९६ मीटर लांब, म्हणजे एकेरीपेक्षा ०.७६ मीटर आखूड असते. त्यामुळे उंच सर्व्हिसवर लगेच स्मॅश बसू शकतो आणि जाळ्याला चाटून जाणारी आखूड सर्व्हिस व तिच्यावर झेपावणारा परतीचा फटका यांनाच महत्त्व येते. दोघेच खेळाडू असल्यास अर्ध्या कोर्टावर, तिरपे फटके वर्ज्य करून खेळतात.