लायब्ररी, वाचनालय की ग्रंथालय?

'लायब्ररी लावली' असं आपण अगदी सहज म्हणतो, डबा लावला, पेपर लावला तसंच. म्हणजे डिपॉझिट भरलं, महिन्याची वर्गणी ठरली आणि पुस्तकं घरी यायला लागली. इंग्रजीत असलं क्रियापद नाहीये, हे आपणच जोडलंय.

मूळ शब्द लॅटिनमधल्या 'लिबर'चा, त्याचा जुना अर्थ झाडाची आतली साल आणि मग त्यावरून पुस्तक. आपलं भूर्जपत्र पण सालच, आणि 'ग्रंथ' म्हणजे गुंफलेलं, बांधलेलं, त्यामुळे आपण काही फार वेगळ्या वाटेने गेलो नाही. पुढे मात्र घोळ झाला, फ्रेंचमध्ये 'लिब्रेरी' म्हणजे आज पुस्तकांचं दुकान, आणि लायब्ररीसाठी ते ग्रीकवरून आलेला 'बिब्लिओतेक' वापरतात, ज्यातल्या 'थेके'चा अर्थ पेटी. पोर्तुगीजमध्ये पण तसंच. म्हणून गोव्यात 1832 साली सरकारी ग्रंथालय निघालं तेव्हा त्याचं नाव होतं 'पब्लिका लिव्रारिया', आजचा लिस्बनचा माणूस ती पाटी वाचून पुस्तक विकत घ्यायला आत शिरेल! नंतर ते 'बिब्लिओतेका' झालं.

आता आपल्याकडचं. रत्नागिरी 1828, नाशिक 1840, पुणे 1848, कोल्हापूर 1850, अशी ही जुनी मंडळी. यातल्या काहींची सुरुवातीची नावं 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' अशी होती, कारण साहेबाचं वाचणं-बसणं वेगळं आणि आपलं वेगळं. ती पुसली गेल्यावर पाट्यांवर काय आलं बघा: नगर वाचनालय, सार्वजनिक वाचनालय, नगर वाचन मंदिर. सगळीकडे 'वाचन'. माझ्या मते हे उगाच झालेलं नाही. पहिलं मराठी वर्तमानपत्रच 1832चं, छापील मराठी पुस्तकं मोजकी आणि महाग, मग कपाट भरणार कशाने? माणसं यायची ती पेपर वाचायला, ऐकायला, त्यावर वाद घालायला, म्हणून जागेचं नाव तिथे काय आहे यावरून नाही तर तिथे काय चालतं यावरून पडलं.

मग 1893ला ठाण्यात आणि 1898ला मुंबईत 'मराठी ग्रंथसंग्रहालय' निघालं आणि जोर बदलला. मराठीत छापलेलं जेवढं मिळेल तेवढं जमा करायचं, जपायचं. हा शब्द बोलायला जड, पण काम नेमकं सांगतो.

म्हणजे विसाव्या शतकात शिरताना आपल्याकडे दोन कामांसाठी दोन शब्द तयार होते. 1967च्या कायद्याने तिसराच उचलला: महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम. 1 मे 1968पासून तो लागू झाला आणि तेव्हापासून दाराच्या पाटीवर वाचनालय पण अनुदानाच्या कागदावर ग्रंथालय, असा प्रकार गावोगावी दिसतो. काही जण म्हणतात नावात काय आहे, पण मला तरी वाटतं फरक पडला. अनुदानासाठी ग्रंथालयांचे अ, ब, क, ड वर्ग ठरवताना पुस्तकं किती, पेपर-मासिकं किती, सभासद किती हे मोजता येतं, दाखल नोंदवहीत दाखवता येतं, संध्याकाळी बाकावर बसून कोण काय वाचतं ते कुठल्या रकान्यात टाकणार?

त्याहून मोठी गुंतागुंत 'सार्वजनिक' या शब्दाची. लोकांना वाटतं सार्वजनिक म्हणजे फुकट. बडोद्याच्या संस्थानात 1910नंतर एका अमेरिकन तज्ज्ञाला बोलावून मोफत ग्रंथालयांचं जाळं उभं केलं होतं, खेड्यात पुस्तकांच्या पेट्या फिरायच्या. मद्रासने 1948ला आणि म्हैसूरने, म्हणजे आजच्या कर्नाटकाने, 1965ला कायदा केला तेव्हा मालमत्ता कराबरोबर ग्रंथालय उपकर लावला, म्हणजे पैसा सगळ्यांकडून आणि दार सगळ्यांना. आपल्या कायद्यात उपकर नाही. आपण ठरवलं की गावातल्या संस्थांनी चालवायचं, सरकारने अनुदान द्यायचं आणि घरी पुस्तक न्यायचं तर वर्गणी भरायची. याचा फायदा नक्की झाला, अकरा-बारा हजार ग्रंथालयं मान्यताप्राप्त झाली आणि ती लोकांनीच काढलेली आहेत, हे दुसरीकडे सहजासहजी दिसत नाही. पण त्यांचं सगळं गणित अनुदानावर आलं, ते उशिरा आलं की पहिला फटका तिथल्या कर्मचाऱ्यांच्या आधीच तुटपुंज्या पगाराला. उपकर लावला असता तर लोक ओरडले असते हेही खरंच म्हणा.

फुकट उरलं ते मुक्तद्वार, म्हणजे पुढची खोली, लांब टेबलं, काठीला अडकवलेले पेपर आणि सकाळी आठला हजर होणारे रिटायर्ड काका. गंमत म्हणजे जुन्या अर्थाचं वाचनालय तेवढंच शिल्लक आहे.

आणि आता पुण्यात पेठांमध्ये कुठेही फिरा, प्रत्येक दुसऱ्या जिन्यावर बोर्ड आहे: एसी, वायफाय, लॉकर, चोवीस तास. मराठी नाव अभ्यासिका, पण एमपीएससीची पोरं घरी फोनवर सांगतात, 'आई, लायब्ररीत आहे'. आत कप्पे केलेली टेबलं असतात, चार्जिंगचे पॉइंट असतात, पुस्तकं ज्याची त्याने आपापली आणायची.