पार्श्वभूमी : कापसाच्या पैशापासून फीच्या पावतीपर्यंत

परदेशी विद्यापीठं मुंबईत येणार, या बातमीने जागतिकीकरण आता शिक्षणात शिरतंय अशी चर्चा पुन्हा रंगली. ओव्हल मैदानावर उभं राहून समोर विद्यापीठाच्या मनोऱ्याकडे पाहिलं तर ते शिरूनही जमाना झाला, हे कळतं.

मुंबई विद्यापीठ 1857 चं. चारच वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा अमेरिकी कापूस बंद झाला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीत गब्बर झालेल्या प्रेमचंद रायचंद यांनी 1864 मध्ये विद्यापीठाला ग्रंथालय आणि मनोऱ्यासाठी चार लाख रुपये दिले. अट एकच, मनोऱ्याला आईचं नाव. पुढच्याच वर्षी युद्ध संपलं, भाव कोसळले आणि शेअरबाजारासोबत प्रेमचंदही बुडाले. देणगी मात्र वाचली. 1878 मध्ये राजाबाई टॉवर पुरा झाला.

पुढे गिरण्यांना माणसं हवी होती म्हणून 1887 मध्ये तंत्रशिक्षण देणारी व्हीजेटीआय निघाली. 1913 मध्ये वाणिज्य शिकवणारं सिडनहॅम आलं, 1933 मध्ये रासायनिक तंत्रज्ञान शिकवणारी यूडीसीटी. पवईची आयआयटी 1958 ची; तिला युनेस्कोमार्फत सोव्हिएत मदत मिळाली आणि तिथले बरेच पदवीधर पुढे गेले ते अमेरिकेला. अर्थकारणाला नाकं मुरडत उच्च शिक्षण अलिप्त होतं, असा काळ या शहराला फारसा ठाऊक नाही. बदलत गेलं ते पैसे कोण भरतं एवढंच.

स्वातंत्र्यानंतर तो भार मुख्यतः सरकारच्या अनुदानावर होता. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना 1983 मध्ये राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडलं. म्हणजे खासगीकरणाचं सगळं खापर 1991 च्या आर्थिक उदारीकरणावर फोडता येत नाही. पण 1991 ने वेग दिला. जागतिक व्यापार संघटनेच्या 1995 च्या गॅट्स या सेवा-व्यापार कराराने शिक्षण विकायच्या सेवांच्या यादीत बसवलं. 2000 मध्ये कुमार मंगलम बिर्ला आणि मुकेश अंबानी या मुंबईच्याच दोन उद्योगपतींच्या अहवालाने पंतप्रधानांच्या व्यापार-उद्योग परिषदेला सरळ सांगितलं : उच्च शिक्षण खासगी क्षेत्राकडे द्या, जो शिकेल तो पैसे भरेल.

त्याच सुमारास मुंबईच्या कॉलेजांत बीएमएस (व्यवस्थापन), बीएमएम (प्रसारमाध्यमं) हे विनाअनुदानित, म्हणजे फीवर चालणारे सेल्फ फायनान्स कोर्स आले. इमारत तीच, जिना तोच, कँटीनमधला वडापावही तोच. एका वर्गात अनुदानित बी.कॉम.; शेजारच्या वर्गात बीएमएस, फी कित्येक पट आणि शिकवणारे बहुतेक तासिका तत्त्वावर. बी.कॉम.चा वर्ग अर्धा रिकामा, कारण मुलं सीएच्या आर्टिकलशिपला किंवा मालाडच्या कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करून झोपलेली. गिरणगावात चिमण्या पडल्या, मॉल उभे राहिले. गिरणी कामगाराच्या मुलीने कुठल्या वर्गात बसायचं हे घरच्या पासबुकावर ठरू लागलं. जागतिकीकरणाने संधी दिली, हे खरंच आहे. ती ईएमआयवर दिली, हेही खरं.

परदेशी विद्यापीठांना येऊ देणारं 2010 चं विधेयक संसदेत अडकून बारगळलं. 2023 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) नियमावलीच काढली आणि जून 2025 मध्ये मुंबईत पाच परदेशी संस्थांना इरादापत्रं दिली गेली. यॉर्क आणि अ‍ॅबरडीन त्यांतलीच. नियमावलीनुसार फी किती घ्यायची ते संस्थांनीच ठरवायचं, आणि फेमा या परकी चलन कायद्याच्या चौकटीत राहून पैसा मायदेशी न्यायलाही मुभा आहे.